वाफेची गाडी कुठे थांबते : नेरळ, कुन्नूर, तिनधारिया

फेब्रुवारी निवडण्यामागे साधा हिशेब आहे. माथेरानची गाडी १५ जून ते १५ ऑक्टोबर नेरळहून वर जात नाही. निलगिरीची गाडी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात कधी बंद पडेल सांगता येत नाही. दार्जिलिंगचा मार्ग जून ते सप्टेंबर दरडींच्या हवाली असतो. तिन्ही वेळापत्रकं एकावर एक ठेवली की जानेवारी ते मे एवढीच फट उरते, आणि त्यातही एप्रिल-मे सुट्टीच्या गर्दीचे. म्हणून फेब्रुवारीतले दहा दिवस आणि एकच प्रश्न: डोंगरावरची वाफेची गाडी बंद पडते तेव्हा नेमकं काय बंद पडलेलं असतं? बहुतेकांना वाटतं, म्हातारं इंजिन. इंजिनाचा नंबर फार उशिरा लागतो.

दिवस पहिला : नेरळ ते माथेरान

सीएसएमटीहून कर्जत लोकलने नेरळ, ८६ किलोमीटर. मोठ्या रुळांच्या शेजारी दोन फुटी रूळ सुरू होतात. तिकीट खिडकीवर घ्यायचं, त्यामुळे पहिल्या गाडीसाठी लवकर पोचणं बरं. मार्ग २१ किलोमीटरचा, १९०७ साली सुरू झालेला, पीरभॉय कुटुंबाने स्वतःचे सोळा लाख रुपये घालून बांधलेला. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. वॉटर पाइप हे स्टेशनचं नाव वाफेच्या काळाचं आहे, आजच्या डिझेलला तिथे पाण्याचं काहीच काम नाही.

या मार्गासाठी जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल कारखान्याने चार इंजिनं दिली. सहा चाकांचं इंजिन इतक्या आवळलेल्या वळणात घालायचं म्हणजे पुढचं आणि मागचं चाक रुळाच्या कडेवर घासणार. त्यावर क्लाइन-लिंडनर पद्धतीचा तोडगा होता: दोन्ही टोकांचे आस पोकळ, त्यांच्या आत दुसरा भरीव आस आणि मधोमध गोळ्याचा सांधा. आतला आस सरळ फिरतो, बाहेरची पोकळ नळी चाकांसकट वळणाकडे थोडी झुकते. कल्पना फार देखणी आहे. अडचण एवढीच, की सगळी झीज त्या गोळ्याच्या सांध्यात जमा होते. सांधा ढिला झाला की सरळ रुळावरही चाकं डोलायला लागतात. हा भाग कुठल्याही रेल्वे भांडारात मिळत नाही. त्या मापाचा ओतून, घडवून, घासून बसवावा लागतो.

१९५५ पासून युंग कारखान्याची छोटी डिझेल इंजिनं या मार्गासाठी आली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ संपली. चारांपैकी ७३८ क्रमांकाचं इंजिन आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. वाफ गेली याचं कारण डोंगर नव्हता, पाऊसही नव्हता. तेच काम डिझेल करू शकत होतं, एवढंच. ही गोष्ट निलगिरीत पोचल्यावर पुन्हा आठवावी लागते.

मधे एक प्रयत्न झाला होता. मार्च २००१ मध्ये दार्जिलिंगचं बी वर्गातलं ७९४ क्रमांकाचं इंजिन माथेरानच्या मार्गासाठी आणलं, पर्यटकांसाठी वाफेची 'जॉय ट्रेन' चालवायला. प्रत्यक्ष गाडी ओढायला ते मे २००२ मध्ये लागलं. आणून उभं केल्यावर वर्षाहून जास्त काळ! सेवा टिकली नाही. एका इंजिनावर सेवा चालत नाही, हे इथे ठळक दिसतं. वाफेवर रोज एक फेरी करायची तर किमान तीन इंजिनं लागतात: एक गाडीला, एक धुलाई-दुरुस्तीला किंवा हाताशी राखीव, एक मोठ्या कारखान्यात. दोन असतील तर एखादा हंगाम निभतो. एकाच इंजिनावर वेळापत्रक छापलं, तर पहिली गळकी नळी ते वेळापत्रक रद्द करते.

आता पाऊस. माथेरानचा डोंगर म्हणजे वर जांभा आणि खाली बेसॉल्टचे थर. पाणी जांभ्यातून झिरपतं, थराच्या सांध्यावर अडतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतं. त्यामुळे इथे दोन प्रकारची हानी होते. वरून धोंडे सुटून रुळांवर येतात, ते दिसतात आणि हलवता येतात. दुसरी हानी वाईट: रुळाखालची खडी आणि भराव खालच्या बाजूने वाहून जातो आणि रूळ स्लीपरसकट हवेत झोक्यासारखे लटकतात. २६ जुलै २००५ च्या पावसाने हेच केलं. मार्ग पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा तेच, आणि नेरळहून गाडी परत सुटली ती २२ ऑक्टोबर २०२२ ला. त्या दुरुस्तीत गॅबियन भिंती उभारल्या, म्हणजे लोखंडी जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेल्या भिंती. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि मागे दाब साठून ढकलली जाते. जाळीच्या भिंतीतून पाणी निघून जातं आणि माती राहते. घाटातल्या मार्गासाठी हाच शहाणपणाचा उपाय आहे.

मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ एकाच महिन्यात दोनदा डबे घसरले, तेव्हाही गाडी बंद झाली. त्यावेळी प्रश्न ब्रेकचा होता. प्रत्येक डब्यावर माणूस उभा राहून हाताने चाक फिरवून ब्रेक लावायचा, ही पद्धत शंभर वर्षं चालली, पण सगळ्यांचे हात एकाच क्षणी आवळले जातील याची हमी नाही. नंतर डब्यांना एअर ब्रेक आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमन लॉज ते माथेरान शटल सुरू झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण मार्ग.

शटल आधी का सुरू होते याचं उत्तर दस्तुरी नाक्यावर मिळतं. मोटारी तिथेच थांबतात, पुढे गावात नेता येत नाहीत. म्हणजे हा शेवटचा छोटा तुकडा गावाची रोजची गरज आहे, बाकीचे अठरा किलोमीटर पर्यटन. गरजेचा तुकडा पावसाळ्यातही चालतो. हौसेचा भाग तीन-तीन वर्षं थांबू शकतो.

दिवस दुसरा आणि तिसरा : प्रवास

लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोईमतूर एक्स्प्रेस, दोन रात्री. कोईमतूरहून मेट्टुपालयम ३५ किलोमीटरच्या आसपास. मुक्काम मेट्टुपालयमलाच करावा, कारण डोंगरी गाडी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटते. आरक्षण आधीच केलेलं असावं.

दिवस चौथा : मेट्टुपालयम ते कुन्नूर

मीटरगेज, उटीपर्यंत ४६ किलोमीटर, २०८ वळणं, १६ बोगदे, अडीचशे पूल. कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये, उटीपर्यंत १९०८ मध्ये. २००५ पासून जागतिक वारसा. मेट्टुपालयम सुमारे ३३० मीटर उंचीवर, कुन्नूर १,७०० च्या वर. पहिले सात-आठ किलोमीटर सपाट, सुपारीच्या बागांतून. कल्लार आलं की गाडी जवळजवळ थांबते. खिडकीतून रुळांच्या मधोमध पाहावं: तिथून दातेरी पट्ट्या सुरू होतात.

अॅब्ट पद्धतीत शेजारी शेजारी दोन पट्ट्या असतात आणि एकीचा दात दुसरीच्या खाचेसमोर येतो. त्यामुळे इंजिनाखालच्या दातेरी चाकाचा एक तरी दात कायम पूर्ण पकडीत राहतो. सर्वांत तीव्र चढ बाराला एक, म्हणजे बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. नुसत्या घर्षणावर इथे भरलेली गाडी चढवणं, त्यातही ओल्या रुळावर, शक्य नाही. म्हणून दातांचा आधार आणि ताशी १३ किलोमीटरचा वेग.

इथलं एक्स वर्गाचं इंजिन म्हणजे एका बॉयलरवर चालणारी दोन इंजिनं. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर इथल्या एसएलएम कारखान्याने ती बनवली. उच्च दाबाचे दोन सिलिंडर नेहमीची चाकं फिरवतात. त्यांतून बाहेर पडलेली वाफ वाया न घालवता कमी दाबाच्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाकं फिरवतात. यात एक सुंदर समतोल आहे. ओल्या रुळावर चाकं घसरून भराभर फिरली की जास्त वाफ दुसऱ्या जोडीकडे जाते, म्हणजे ओझं आपोआप दातांवर येतं. दात घसरू शकत नाहीत. सपाटीवर दुसरी जोडी बंद, इंजिन साधं होतं. हा बदल कल्लारला कान देऊन ऐकावा. धुरांड्याचा ठोका स्पष्ट बदलतो.

इंजिन नेहमी उताराच्या टोकाला असतं आणि डबे वर ढकलतं. कपलिंग तुटलं तर डबे इंजिनावरच येऊन टेकावेत म्हणून. प्रत्येक डब्याच्या गच्चीवजा ओट्यावर ब्रेकवाला उभा असतो आणि पुढचा माणूस हिरवा-लाल बावटा मागे दाखवत जातो, कारण चालकाला पुढचं काहीच दिसत नाही. उतरताना एका ब्रेकवर कुणी विसंबत नाही. हाताचा ब्रेक, व्हॅक्यूम ब्रेक, दातेरी चाकांवरचा पट्ट्याचा ब्रेक आणि सिलिंडरमध्येच हवा दाबून गाडीला धरून ठेवणारा ब्रेक, असे चार वेगवेगळे आहेत. यातला एकही नादुरुस्त असेल तर गाडी सुटू नये, आणि तशी ती सुटत नाही. रद्द झालेल्या फेरीवर चिडणाऱ्या प्रवाशाने हे एवढं ध्यानात घ्यावं.

दातेरी पट्टीचं दुखणं वेगळंच आहे. उतारावर रूळ, स्लीपर आणि पट्ट्या सगळंच वर्षानुवर्षं हळूहळू खाली सरकू पाहतं. एखाद्या जोडावर फट वाढली की तिथे दोन दातांमधलं अंतर बदलतं. चाकाचा दात खाचेत बसायच्या ऐवजी दाताच्या डोक्यावर चढतो, इंजिन उचललं जातं आणि धक्का बसतो. म्हणून पट्ट्या जागोजाग जखडलेल्या असतात, जोड मापले जातात, बोल्ट आवळले जातात, दातांना वंगण लावलं जातं. हे काम चुकलं की दाताला तडा जातो.

हिलग्रोव्हला आणि रनीमेडला गाडी पाण्यासाठी थांबते. प्रवासी चहा घेतात, फोटो काढतात. इंजिनाजवळ उभं राहिलं तर फायरमन टाकी भरेपर्यंत पुन्हा पुन्हा बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या पाण्याच्या काचेकडे पाहताना दिसतो. चढावर बॉयलरही कललेला असतो, त्यामुळे पाणी खालच्या टोकाला जमतं. चढ बदलला की तीच पातळी काचेत वेगळी दिसते. फायरबॉक्सचं, म्हणजे आगीच्या पेटीचं, छत पाण्याखालून उघडं पडलं तर काही मिनिटांत पत्रा लाल होऊन खचतो. शेवटचा पहारा म्हणून छतात शिशाचा प्लग असतो: पाणी उतरलं की तो वितळतो आणि वाफ आगीवर सुटते. आग विझते, गाडी थांबते, बॉयलर वाचतो.

ॲडर्ली ते हिलग्रोव्ह या पट्ट्यात दरडी का कोसळतात ते खिडकीतून कळतं. कडा उभा कापलेला, वर झिजून माती झालेला खडक, त्यात मोठे गोल धोंडे अडकलेले. नोव्हेंबरात माती भिजली की धोंड्याची पकड सुटते. नोव्हेंबर २००९ च्या अतिवृष्टीत निलगिरीत मोठी जीवितहानी झाली आणि हा मार्गही तुटला. साधा रूळ वाकला तर दुसरा आणता येतो. दातेरी पट्टी वाकली तर ती मुद्दाम बनवून घ्यावी लागते. शिवाय या घाटात रुळाशेजारी रस्ता नाही, घाटरस्ता दूर आहे. दगड फोडणारी माणसं, खडी, स्लीपर सगळं रुळावरूनच, खालून कल्लारहून नाहीतर वरून कुन्नूरहून न्यायचं. दोन ठिकाणी दरड आली तर मधल्या भागाला हातच लागत नाही, आधी कडेचं साफ होईपर्यंत. बातमीत "पाच दिवस सेवा बंद" असं येतं, ते पाच दिवस असे जातात.

तरीही इथे वाफ टिकली. कुन्नूरला इंजिन बदलतं आणि पुढे उटीपर्यंत डिझेल लागतं, कारण त्या भागात दात नाहीत, चढ पंचविसाला एकच्या आसपास. खालच्या दातेरी भागात चालेल असं डिझेल इंजिन या मार्गाकडे नाही. माथेरानला वाफेची जागा डिझेलने घेतली, इथे घेऊ शकलं नाही. कौतुकाने वाफ टिकते असं मानणाऱ्यांनी कुन्नूरच्या फलाटावर इंजिन बदलताना पाहावं.

दिवस पाचवा : कुन्नूरची शेड

शेडमध्ये जायला परवानगी लागते. ती नसेल तर फलाटाच्या टोकावरूनही बरंच दिसतं.

वाफेच्या इंजिनाचा खरा खर्च धावण्यात नाही, धुण्यात आहे. ठरावीक दिवसांनी प्रत्येक बॉयलरची धुलाई होते. आग काढायची, बॉयलर सावकाश थंड होऊ द्यायचा, मग कोपऱ्यांतले धुलाईचे प्लग उघडून जोराच्या पाण्याने गाळ आणि पाण्यातल्या क्षारांचा पापुद्रा बाहेर काढायचा. पापुद्रा एखाद्या मिलिमीटरचा असला तरी पत्र्याची उष्णता पाण्याला नीट पोचत नाही आणि पत्रा तापत जातो. पावसाळ्यात टाकीत गाळ जास्त येतो, त्यामुळे धुलाई जवळजवळ येते.

मग तपासणी. फायरबॉक्सची आतली आणि बाहेरची भिंत शेकडो स्टे-बोल्टांनी जोडलेली असते. स्टेच्या मधोमध बारीक भोक ठेवतात. स्टे आत तुटला की त्या भोकातून पाणी झिरपतं आणि पांढरी रेघ उमटते. एखाददुसरा असेल तर बदलतात, शेजारी शेजारी अनेक असतील तर इंजिन कामातून काढतात. आगीचा धूर बॉयलरमधून नेणाऱ्या नळ्यांची टोकं सैल झाली असतील तर एक्सपांडरने फुगवून बसवतात. ती सैल होतात बहुतेक वेळा एकाच चुकीने: आगीचं दार विनाकारण उघडं राहतं, गार हवा नळ्यांच्या पत्र्यावर आपटते. दुसरी चूक घाईची. थंड बॉयलर दोन तासांत तापवला तर वरचा पत्रा फुगतो, तळाचा गारच राहतो आणि ताण स्टेवर येतो. म्हणून सकाळच्या गाडीसाठी आग आदल्या रात्रीपासून लागते.

ही कामं करणारा बॉयलरचा मिस्त्री पुस्तकातून तयार होत नाही. हातोडीने स्टेवर टकटक करून आवाजावरून तुटलेला ओळखणं, ही विद्या दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून काही वर्षांत येते. एक माणूस निवृत्त झाला आणि मागचा तयार नसला, की इंजिन धडधाकट असूनही थांबतं. या मार्गांना सर्वांत मोठा धोका इथेच आहे, कारण दरडीची बातमी होते आणि या गोष्टीची होत नाही.

मोठी दुरुस्ती तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात. आता एक कात्री पाहा. आजूबाजूचे मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाले, त्यामुळे हा ४६ किलोमीटरचा तुकडा बाकीच्या मीटरगेजपासून तुटलेलं बेट झाला. इंजिन स्वतःच्या चाकांवर कारखान्यात जाऊ शकत नाही, दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावं लागतं. चढवणं-उतरवणं हे एक स्वतंत्र काम झालं. देशभरातली मीटरगेज भांडारंही आटली.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण ती आनंदाची आहे. याच गोल्डन रॉक कारखान्याने २०११ ते २०१४ मध्ये एक्स वर्गाची चार नवी इंजिनं बांधली, तेलावर चालणारी. विंटरथूरहून काही येणार नाही हे मान्य करून सगळं इथे घडवलं. वाफेचं इंजिन आता बनवता येत नाही, हे वाक्य त्यानंतर कुणी बोलू नये.

तेलाकडे का वळले? कोळशाच्या ठिणग्यांनी कोरड्या जंगलाला आग लागते, राखेचं प्रमाण जास्त असलेला कोळसा जाळीवर वितळून क्लिंकरचा थर धरतो आणि हवा अडते. कल्लार ते कुन्नूर सलग चढ, फायरमनला उसंत नाही. वाटेत क्लिंकर फोडत बसलं तर दाब पडतो आणि गाडी चढावर उभी राहते. तेलाने हे सगळं सुटलं, पण त्याची दुखणी त्याच्यासोबत आली. जड तेल गरम करून पातळ करावं लागतं, बर्नरचं तोंड तुंबतं, फायरबॉक्समधलं विटांचं अस्तर ढासळतं. काजळीने नळ्या भरल्या की चालू गाडीत आगीच्या दारातून थोडी वाळू आत सोडतात. ओढीबरोबर ती नळ्यांतून धावते आणि काजळी खरवडून धुरांड्यातून बाहेर टाकते. तेलाची आग विझली तर लगेच पेटवायची नसते. आत साठलेली तेलाची वाफ आधी बाहेर जाऊ द्यायची, नाहीतर भडका मागे, माणसांच्या अंगावर येतो.

दिवस सहावा ते आठवा : प्रवास

कोईमतूरहून दिब्रुगडची विवेक एक्स्प्रेस न्यू जलपाईगुडीला थांबते. दोन-अडीच दिवसांची बैठक, ऐनवेळच्या उशिरासाठी अर्धा दिवस राखीव ठेवावा.

दिवस नववा : न्यू जलपाईगुडी ते तिनधारिया

पुन्हा दोन फुटी रूळ, दार्जिलिंगपर्यंत ८८ किलोमीटर, १८८१ मध्ये पूर्ण, १९९९ पासून जागतिक वारसा. ही सकाळची गाडी डिझेलवर चालते. सुकनानंतर जंगल आणि चढ. इथे दात नाहीत. चढ आवाक्यात ठेवण्यासाठी रूळ स्वतःवरूनच गोल फिरून वर जातात किंवा गाडी पुढे-मागे-पुढे करत झेड आकारात चढते. तिनधारियाजवळच्या ॲगनी पॉइंटला वळणाची त्रिज्या जेमतेम १८ मीटर.

रूळ बहुतेक ठिकाणी हिल कार्ट रोडच्या कडेनेच जातात आणि तो शंभराहून अधिक वेळा ओलांडतात. निलगिरीत रस्ता नाही म्हणून दुरुस्ती कठीण. इथे रस्ता खेटून आहे म्हणून दुरुस्तीचा ट्रक थेट जागेवर येतो. पण त्याच रस्त्याचं ओझं, त्याचे हादरे, त्याच्या गटारातलं पाणी रुळाखालच्या उतारावरच पडतं. रस्ता खचला की रूळही जातो. खडक पापुद्र्यांचा आणि ठिसूळ. पावसात झोरे, म्हणजे डोंगरी ओढे, फुगतात, उताराचा पायथा पोखरतात, आणि वरचा भाग आधार जाऊन बसतो. मोरी तुंबलेली असली तर पाणी रुळावरून वाहत स्वतःची वाट काढतं. घाटातल्या मार्गाची निगा म्हणजे निम्मी मोऱ्यांची निगा.

जून २०१० मध्ये पगलाझोऱ्याला मार्ग तुटला. सप्टेंबर २०११ मध्ये खाली तिनधारियाला डोंगर गेला. पूर्ण मार्ग जोडला गेला तो २०१५ मध्ये. नकाशात पाहा: इंजिनांचा कारखाना तिनधारियाला, वाफेची इंजिनं वर कर्सियांग-दार्जिलिंगला, आणि तुटलेली जागा बरोबर दोन्हींच्या मधे. इंजिनं वर धावत राहिली, पण त्यांना दुरुस्त करणारं घर रुळाने तुटलं. पाच वर्षं. गाडी थांबली नव्हती, पण तिच्यामागची व्यवस्था थांबली होती, आणि अशी थांबलेली व्यवस्था पुन्हा हलवायला दुपटीने काळ लागतो.

२०१७ च्या गोरखालँड आंदोलनात बंद शंभराहून जास्त दिवस चालला. गाडी थांबली आणि जुलैत सोनादा आणि गयाबाडी स्टेशनांना आगी लागल्या. २०२४ च्या पावसात काही महिने पुन्हा दरडींनी अडवलं.

तिनधारियात ७८७ क्रमांकाच्या इंजिनाची कथा अभ्यासण्यासारखी आहे. २००२ मध्ये त्याला निलगिरीच्या धर्तीवर तेलाची आग बसवली. बर्नर आणि पाण्याच्या पंपासाठी डिझेल जनरेटर, ब्रेकसाठी डिझेल कॉम्प्रेसर, पाणी तापवायला हीटर. चाचण्या निराशाजनक ठरल्या, ते नियमित सेवेत कधी आलंच नाही आणि पुन्हा कोळशावर आणण्यासाठी कारखान्यात पडून राहिलं. निलगिरीचं इंजिन याच्या तिपटीहून जड आहे. बी वर्गाच्या चार चाकांवर एवढं सामान म्हणजे शेळीवर नांगर. एका डोंगरावरचं औषध दुसऱ्या डोंगरावर चालेलच असं नाही.

दिवस दहावा : दार्जिलिंग ते घूम

वाफ पाहायची तर इथेच. दार्जिलिंगहून बतासिया लूपमार्गे घूम आणि परत, सुमारे दोन तास. घूम २,२५८ मीटरवर. बतासियाला दहाएक मिनिटं, घूमला संग्रहालय पाहण्याइतका वेळ. जागा इंजिनाजवळच्या डब्यात घ्यावी, खिडकी उघडी ठेवायची असेल तर डोळ्यांना चष्मा लावावा.

बी वर्ग १८८९ चा. चार चाकं, बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी. जुन्या पद्धतीत या इंजिनावर चालक आणि फायरमनखेरीज कोळसा फोडणारा असे आणि पुढच्या बफरवर बसून रुळावर वाळू टाकणारे दोघे. वाळू कोरडीच हवी, म्हणून ती शेडमध्ये भाजून ठेवायची. ओली वाळू नळीत अडकते आणि नेमक्या चढावर चाकं जागीच गरगरतात. कोळसा हाताच्या मुठीएवढा फोडलेला हवा. चुरा जास्त असला तर ओढीबरोबर अर्धा न जळताच धुरांड्यातून जातो. ईशान्येतला आसामचा कोळसा राखेला कमी, पण त्यात गंधक असतं आणि ओलाव्याबरोबर ते धुरांड्याखालचा पत्रा खातं.

पूर्ण मार्ग डिझेलवर आणि वाफ मुख्यतः या टोकाच्या सात किलोमीटरांवर, ही मांडणी पैशाने ठरवली आहे. जॉयराइडच्या, म्हणजे या दार्जिलिंग-घूम सहलीच्या, दिवसात अनेक फेऱ्या होतात, सगळ्या भरतात, आणि इंजिन शेडपासून लांब जात नाही, त्यामुळे बिघडलं तरी ओढून आणता येतं. उत्पन्नासाठी ती योग्य आहे. पण खालचे लूप आणि झेड वाफेवर चढवणारे चालक अशाने कमी होत जातात. तिथल्या पाण्याच्या जागा वापराविना बुजतात. मग एखाद्या वर्षी वाफेची विशेष गाडी खालून वर न्यायची ठरली तर इंजिन तयार असतं, पाणी नसतं. मार्ग असा एकेका टाकीने, एकेका माणसाने आखूड होत जातो आणि शेवटची घोषणा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी होते.

संध्याकाळी शेवटची फेरी आली की इंजिन शेडसमोर राखेच्या खड्ड्यावर उभं राहतं. फायरमन क्लिंकर ओढून काढतो, जाळी हलवतो, जळता निखारा मागच्या बाजूला गोळा करतो आणि वर थोडा ओलसर चुरा दाबतो. हवेची झडप बंद. मग इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन, लावून बॉयलर काचेच्या वरच्या टोकापर्यंत भरून ठेवायचा, कारण रात्रभर दाब उतरेल आणि पाणीही. ब्रेक आवळलेला, चाकांना लाकडी ठोकळे. रात्रपाळीचा माणूस अधूनमधून कंदील घेऊन फिरतो. पहाटेचा फायरमन आला की आगीचं दार उघडण्याआधी काचेवरून हात फिरवतो, खालचा कॉक उघडून पाणी खरंच आहे ना ते पाहतो आणि मगच निखाऱ्यावर पहिलं फावडं टाकतो.